दुतोंड्याच्या कमरेपर्यंत

नाशिक एका दिवसात बघून होतं, असं नाशिकला कधी न आलेल्या माणसाचं ठाम मत असतं. "सकाळी निघतो, रामकुंड, त्र्यंबक, पांडवलेणी, ती वायनरी, मधे मिसळ, आणि रात्री जेवायला घरी परत," असं तो फोनवर सांगतो, तेव्हा आपण फक्त "या" म्हणायचं असतं. नाशिकच्या प्रेक्षणीय स्थळांनी, भाऊबंदकीत वाटणी व्हावी तशा, दिशा वाटून घेतल्या आहेत. त्र्यंबकेश्वर पश्चिमेला, वणी उत्तरेला, सिन्नर आग्नेयेला, आणि खुद्द नदी गावाच्या मधोमध, जिथं गाडी लावायला जागा नाही.

त्यामुळे पाहुणा येणार म्हटलं की मुरलेला नाशिककर आधी त्याच्या गुडघ्यांची चौकशी करतो. तब्येतीची नव्हे, गुडघ्यांची. गुडघे धड असतील तर रामशेज आणि अंजनेरी. बरे असतील तर पांडवलेणी. कुरकुरत असतील तर वणीची सप्तशृंगी, कारण तिथं आता गाडी डोंगरावर ओढून नेते. आणि गुडघे निकालात निघाले असतील तर नाशिकरोडचं मुक्तिधाम. बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती एका छपराखाली, संगमरवरी फरशी, आणि भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय. आमच्या आत्यांनी तिथं अर्ध्या तासात बारा ज्योतिर्लिंगं उरकली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "केदारनाथचा खर्च वाचला हो!"

रेल्वेने येणाऱ्या पाहुण्याला पहिला धक्का स्टेशनवरच बसतो. "हेच का नाशिक?" नाही, हे नाशिकरोड. नाशिक अजून आठ-दहा किलोमीटर आहे. तेवढ्या रस्त्यात त्याला काहीतरी दाखवायला हवं, म्हणून यजमान मोठ्या अभिमानाने एक लांबलचक कंपाउंडची भिंत दाखवतो. "इथं नोटा छापतात." पाहुणा गाडीच्या काचेला नाक लावतो. आत जाता येतं का? नाही. बाहेरून काही दिसतं का? नाही. हा छापखाना १९२० च्या दशकापासून तिथं आहे, आणि आतलं काही न दाखवता शंभर वर्षं प्रेक्षणीय राहिलेलं दुसरं स्थळ माझ्या पाहण्यात नाही.

गावात आल्यावर मात्र गंगेवरच जावं लागतं. पत्रिकेत, नकाशात, सरकारदरबारी ती गोदावरी; नाशिककराच्या तोंडी ती गंगा. "जरा गंगेवर जाऊन येतो" असं म्हणून माणूस घराबाहेर पडला तर तो काशीला निघालेला नसतो, बुधवारच्या बाजारातून मेथीची जुडी आणायला निघालेला असतो. रामकुंडावर एका बाजूला कुणी अस्थी विसर्जित करत असतं, दुसऱ्या बाजूला पोरं धबाधब उड्या मारत असतात, तिसरीकडे कुणी सतरंजी धूत असतं, आणि या सगळ्यांच्या मधून एक रिक्षावाला "नाशिकदर्शन, नाशिकदर्शन, सहा पॉइंट" असं ओरडत पाहुण्याच्या बॅगेला हात घालतो. 'पॉइंट' हा शब्द महाबळेश्वरहून आला असावा. पण तिथं पॉइंटवरून दरी दिसते, इथं चपला सांभाळणारी बाई दिसते.

रामकुंडावर बघण्यासारखं सगळ्यात विलक्षण काही असेल तर ते तीर्थोपाध्यायांच्या वह्या. तुम्ही पायरीवर टेकलात की कुणीतरी सहज विचारतं, "गाव कुठलं? आडनाव?" आपण बेसावधपणे सांगतो. घटकाभराने लाल कापडात बांधलेलं एक बाड येतं, पानं उलटली जातात, आणि आपल्या पणजोबांची सही समोर येते. मोडीत. कधी आले, कुणाबरोबर आले, कुणाचं काय केलं, सगळं. आत्यांसमोर असंच एक पान उघडलं गेलं. उपाध्याय बोट फिरवत वाचत होते, "बरोबर कुटुंब, दोन मुलगे... आणि हे धाकटं कुटुंब."

"धाकटं म्हणजे?" आत्यांनी विचारलं.

"म्हणजे दुसरं."

आत्या वयाच्या बहात्तराव्या वर्षापर्यंत ज्या आजोबांचं एकपत्नीव्रत सुनांना ऐकवत आल्या होत्या, त्यांच्या वहीकडे त्यांनी चष्मा पुसून पुन्हा एकदा पाहिलं. मग दक्षिणा ठरल्यापेक्षा थोडी जास्त दिली आणि मला म्हणाल्या, "घरी बोलायचं नाही."

कुंडाच्या वरच्या अंगाला कपालेश्वर. महादेवासमोर नंदी नाही, हे तिथलं वैशिष्ट्य. ब्रह्महत्येच्या पातकातून सुटायला गोदावरीत स्नान कर, असा सल्ला शंकराला नंदीने दिला, म्हणून शंकराने त्याला गुरू मानलं आणि समोर बसायची मनाई केली, अशी कथा आहे. पाहुण्यांना कथा आवडते. ज्याचा सल्ला कामी आला त्याला मानाने दूर बसवायचं, ही पद्धत आमच्या ऑफिसातही होती, असं एका मावसभावाने तिथंच सांगून टाकलं.

नाशिकला राम काळाही आहे आणि गोराही. पंचवटीतलं काळाराम मंदिर पेशवाईतलं, सरदार ओढेकरांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं आणि देखणं. पाहुणे पूर्व दरवाजाच्या पायऱ्यांवर फोटो काढतात, सभामंडपात गार फरशीवर बसतात, आणि "किती शांत वाटतं नाही?" म्हणतात. २ मार्च १९३० ला याच मंदिरात जाता यावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह सुरू केला, तो वर्षानुवर्षं चालला आणि दरवाजे उघडले नाहीत, हे सहसा कुणी विचारत नाही आणि 'सहा पॉइंट'वाला सांगत नाही. मी सांगतो. त्यावर थोडा वेळ सगळे गप्प होतात आणि मग कुणीतरी चपला कुठं ठेवल्या ते आठवतं. विनोदी लेखात हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्या दरवाजासमोर उभं राहून फक्त दगडाच्या नक्षीबद्दल बोलणं हाच मला मोठा विनोद वाटतो.

पलीकडे पाच वड आहेत, त्यांना नंबर दिले आहेत. वड क्रमांक एक, वड क्रमांक दोन. नंबर नसते तर पाहुण्यांनी सहावा काढला असता. वडांशेजारी सीतागुंफा. तिचं तोंड इतकं अरुंद की आत जाताना माणूस आधी वाकतो, मग बसतो, मग नम्र होतो. आमचे एक मामा मधेच अडकले. पुढे जाणारी माणसं निघून गेलेली, मागे रांग. मागून एक मावशी ओरडल्या, "श्वास सोडा हो दादा, श्वास!" मामांनी श्वास सोडला आणि दोन इंच पुढे सरकले. बाहेर आल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुपारी मिसळीवर तर्री नको म्हणाले, आणि हा फरक कुठल्याही डॉक्टरला जमला नव्हता.

मिसळीचं मी इथं लिहिणार नाही. कुठली खरी, काळ्या मसाल्याची की लाल तर्रीची, पाव की ब्रेड, यावरून नाशिकमधली सख्खी भावंडं एकमेकांशी बोलत नाहीत.

दुपारनंतर पांडवलेणी. नावात पांडव, पण पांडवांचा संबंध नाही. ही दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी, चोवीस. मुंबई-आग्रा रस्त्यावरून दिसतात, पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे, आणि वर चढताना प्रत्येक वळणावर एकेक पाहुणा "तुम्ही व्हा पुढे" म्हणून गळतो. जे पोचतात त्यांना लेणं दिसतं, पण लेण्यातली मजा भिंतीवरच्या ब्राह्मी अक्षरांत आहे आणि ती कुणी वाचत नाही.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या राणीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, सातवाहनांचा पराक्रमी राजा. त्याच्या पश्चात आईने त्याची कीर्ती दगडात कोरून घेतली. शक, यवन, पह्लवांचा नाश केला, घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायले, चेहरा पूर्णचंद्रासारखा, असं सगळं. आणि त्या यादीत हेही आहे की त्याने आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही. मला हे फार घरचं वाटतं. मुलाने एवढं जग जिंकलं. पण आईच्या शब्दाबाहेर नव्हता, हे येणाऱ्या-जाणाऱ्या सुनांना कळावं म्हणून डोंगर कोरण्यापर्यंत मजल गेली. आत्यांना हा मजकूर सांगितला तेव्हा त्यांनी सुनेकडे बघत, "ऐकलंस ना?" एवढंच विचारलं.

दहाव्या लेण्यात तर चक्क मुदत ठेव आहे. शक राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण दिले आणि ते कुणाच्या हाती न देता गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे गुंतवले. दोन हजार एका श्रेणीकडे, महिना शेकडा एक दराने; एक हजार दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण दराने. मुद्दल काढायचं नाही, व्याजच वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यासाठी. आमचे मावसभाऊ सहकारी बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तिथंच बोटांवर हिशेब केला. दोन हजारांवर वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. जमलं! त्यांच्या चेहऱ्यावर अख्ख्या सहलीत पहिल्यांदा तेज आलं. "बारा टक्के!" ते लेण्याच्या खांबाला टेकून म्हणाले. "आणि आम्ही ज्येष्ठ नागरिक असून..." पुढचं त्यांना बोलवेना. खाली उतरताना त्यांनी दोनदा विचारलं की ती विणकरांची संस्था पुढे बुडाली की काय.

गडकिल्ल्यांचे पाहुणे वेगळे. ते पहाटे साडेपाचला तयार असतात आणि यजमानालाही तयार धरतात. त्यांना दिंडोरीच्या बाजूला रामशेजला न्यावं. दिसायला अगदी साधा डोंगर, तासाभरात माथा. "हाच का तो?" असं पुण्याचा पाहुणा सिंहगडाच्या सुरात विचारतो. हाच तो. संभाजीराजांच्या काळात औरंगजेबाच्या सरदारांनी याला वेढा घातला आणि पाच-साडेपाच वर्षं हा पडला नाही. लाकडी दमदमे उभारून झाले, सरदार बदलून झाले. शेवटी एका मांत्रिकाला आणलं. त्याने शंभर तोळ्यांचा सोन्याचा साप मागितला, तो हातात धरून तो सैन्याच्या पुढे चालू लागला, आणि किल्ल्यावरून आलेला गोफणीचा दगड नेमका त्याच्या छातीत बसला. साप एकीकडे, मांत्रिक दुसरीकडे. ही हकीकत खाफीखानाने, म्हणजे मोगलांच्याच बाजूच्या माणसाने लिहून ठेवली आहे, म्हणून सांगायला अधिक मजा येते. त्या सापाचं पुढे काय झालं हे कुणी सांगत नाही. शंभर तोळे! नाशिकचा सराफ बाजार पाहून आलेले पाहुणे खाली उतरताना दगडांखाली बघत उतरतात, हे मी पाहिलं आहे.

त्र्यंबकचा रस्ता पावसाळ्यात बघावा. अंजनेरी ढगात, ब्रह्मगिरीवरून पांढऱ्या धारा, आणि रस्त्याच्या कडेला दर दहा पावलांवर कणीस भाजणारा. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि तिथून अरबी समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. सरळ पश्चिमेला उतरली असती तर दुपारच्या जेवणाला पोचली असती. पण नाही. ती पूर्वेला वळली आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळाली. जवळचं काम सोडून लांबच्या नातेवाइकांकडे जाण्याचा हा स्वभाव नाशिकच्या रिक्षावाल्यांनी तंतोतंत उचलला आहे.

वायनरीला सगळ्यांनाच जायचं असतं, आणि सकाळच्या श्राद्धानंतर लगेच जायचं असतं. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळे, मावळतीचं ऊन, आणि काचेच्या पेल्यात बोटभर वाइन घेऊन ती कशी हुंगायची हे शिकवणारा एक शिस्तीचा मुलगा. "ओल्या मातीचा, लाकडाचा, थोडा मिरीचा वास येतोय का?" आत्या फक्त सोबत आल्या होत्या. त्यांनी शेजारचा पेला उचलून हुंगला. "मला तर आंबल्याचा येतोय," त्या म्हणाल्या. मुलगा हसला नाही, शिस्तच तशी.

नांदूरमधमेश्वर मात्र कुणी बघत नाही. गोदावरी आणि कादवा मिळतात तिथलं शंभर वर्षांपूर्वीच्या बंधाऱ्याचं पाणी, हिवाळ्यात हजारो मैलांवरून आलेले पक्षी, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत जाहीर झालेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण. पण त्यासाठी पहाटे उठावं लागतं आणि गप्प बसावं लागतं. पाहुण्यांना यातलं एक जमतं, दुसरं नाही.

आणि काही गोष्टी अशा आहेत की पाहुणा त्यांच्यावरून चालत जातो आणि त्याला पत्ता नसतो. जुन्या नाशकात रस्त्याखाली रहाडी आहेत. पेशवेकाळातले दगडी हौद, वर्षभर फळ्या टाकून, माती लोटून बुजवलेले. वरून दुचाक्या जातात, भाजीची गाडी उभी राहते. रंगपंचमीच्या आधी त्या उघडतात, रंग कालवला जातो, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. मग त्या दिवशी माणसं रहाडीत उड्या घेतात. धप्पकन उडी मारली की भोवतालच्या लोकांवर जे पाणी उडतं त्यावरून उडीची प्रत ठरते. वाकून, हळूच, नाकावर हात ठेवून उतरणारा माणूस बाहेरगावचा, हे गल्लीला तत्क्षणी कळतं.

हे सगळं आम्ही दाखवतो. बघत मात्र नाही. पाहुणा नसेल तर नाशिककर पांडवलेणी फक्त हायवेवरून बघतो, आणि सीतागुंफेत तो शेवटचा गेला तेव्हा त्याची मुंज व्हायची होती. आपणहून, स्वतःच्या पायांनी, घरच्यांना घेऊन नाशिककर बघायला जातो ती एकच गोष्ट: पूर.

जुलै-ऑगस्टात चार दिवस झड लागली की गावाची भाषा बदलते. "जेवण झालं का?" ऐवजी "किती सोडलंय?" असं विचारतात. म्हणजे गंगापूर धरणातून किती क्युसेक. एरवी दुधाचा हिशेब चुकणाऱ्या माणसाला त्या दिवशी क्युसेक तोंडपाठ असतात. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "मारुतीला कुठपर्यंत?"

नदीच्या पात्रातच दुतोंड्या मारुती उभा आहे, उंचापुरा, दोन्ही बाजूंना तोंडं असलेला. पाटबंधारे खात्याकडे मोजपट्ट्या असतील, पण नाशिकचा पूर मारुतीवरच मोजला जातो. पोटऱ्यांना पाणी म्हणजे नेहमीचं. गुडघ्यांना म्हणजे घाटावरच्या टपऱ्या हलवा. कमरेला लागलं की सराफ बाजार आणि भांडी बाजारातले लोक दुकानातला माल वर चढवायला घेतात. छातीला आलं की शाळा सोडतात. डोकं बुडालं की तो पूर मुलांच्या मुलांना सांगता येतो. त्याच्याही वरचं माप म्हणजे नारोशंकराची घंटा. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेली ती घंटा देवळाच्या तटावर नदीकडे तोंड करून टांगलेली आहे. घंटेला पाणी लागलं म्हणजे संपलंच, असं म्हणायची पद्धत आहे.

अशा दिवशी होळकर पुलावर पाय ठेवायला जागा नसते. बापाच्या खांद्यावर पोरं, आयांच्या हातात छत्र्या, पोलिसाची शिट्टी, आणि ती शिट्टी न ऐकणारा जमाव. चहाच्या पाण्यासारखं तांबूस पाणी खालून सुसाट जातं, त्यातून एखादं झाडाचं खोड आलं की सगळा पूल एका सुरात "ओ ओ ओ" करतो. मागच्या रांगेतल्यांना काही दिसत नाही. ते पुढच्यांच्या पाठींकडे बघून पाण्याचा अंदाज घेतात आणि तोच मोबाइलवरून घरी कळवतात.

वादाचा विषय एकच. रेनकोट घातलेले एक काका म्हणाले, "कमरेपर्यंत आहे."

"कमरेच्या वर आहे हो," दुसऱ्यांनी दुरुस्त केलं. "ती कमर नाही, ते कमरेच्या वरचं."

"मारुतीची कमर मला सांगू नका, मी रोज सकाळी पाया पडतो."

"२००८ ला याच जागेवर उभा होतो मी. खांद्याला होतं."

"२०१९ ला पण होतं."

"२०१९ काय, २००८ काय! हा पूरच नाही. एकोणसत्तरला या पुलावर उभंच राहू देत नव्हते." हे सांगणारे गृहस्थ दिसायला पन्नाशीचे होते, पण १९६९ चा पूर न पाहिल्याचं कबूल करणारा माणूस अख्ख्या पंचवटीत मिळायचा नाही. जे तेव्हा जन्मलेले नव्हते त्यांनीही तो आईच्या पोटातून पाहिला आहे.

आमच्याबरोबर आत्या होत्या. वणीचा बेत पावसाने बारगळला म्हणून त्यांना पूल दाखवायला आणलं होतं. त्या गर्दीत रेटारेटी करून कठड्यापर्यंत पोचल्या, पदर खोचला, आणि दहा मिनिटांत कमरेच्या पक्षाला मिळून छातीच्या पक्षाशी वाद घालू लागल्या. कणीसवाला मधेच होता. त्याला दोन्ही बाजूंनी साक्षीला ओढलं, तू पहाटेपासून इथं आहेस, तूच सांग.

त्याने कणसाला लिंबू-तिखट चोळलं, आत्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "कमरेपर्यंत म्हणा नाहीतर छातीपर्यंत म्हणा आजी, तीस रुपये."